मामाचे किडे, मामीचा फ्रीज

मामा गेल्यावर वर्षभराने मामीचा फोन आला की त्या पेट्यांचं काय ते बघ, नाहीतर मी भंगारवाल्याला देते, काचेचे तरी पैसे येतील. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. किड्यांशी माझा संबंध एवढाच की लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आंबोलीला गेलो की मामाच्या मागे बॅटरी घेऊन फिरायचो. मामा शाळेत सायन्स शिकवायचा, आणि पावसाळ्यात रात्री व्हरांड्यात पांढरं धोतर बांधून त्याच्यापुढे दिवा लावून बसायचा, लाईट गेले तर पेट्रोमॅक्स, आणि धोतरावर जे जे येऊन बसेल त्यातलं थोडं हॉर्लिक्सच्या बाटलीत. बाटलीच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यावर शाळेच्या लॅबमधलं इथाइल अॅसिटेट दोन चमचे. तो गोडसर वास अजून कुठे नेलपॉलिश रिमूव्हरच्या आसपास आला की मला आंबोली आठवते.

तर पेट्या निघाल्या ३१. सावंतवाडीच्या सुताराकडून करून घेतलेल्या, फणसाच्या लाकडाच्या, वर काच. मला वाटलं चार रविवार, फार तर पाच. प्रत्यक्षात एक वर्ष आणि सात महिने गेले, त्यात माझी शिल्लक सगळी रजा आणि मामीचा फ्रीजर. हे लिहितोय कारण कोणाच्या घरी असं काही पडलेलं असेल तर त्यांना कळावं की यात नेमकं काय करावं लागतं, कारण मला सांगणारं कोणी नव्हतं आणि मी पहिल्या महिन्यात बरंच वाटोळं केलं.

पहिली पेटी उघडली तेव्हा डांबरगोळीचा असा भपका आला की डोकं धरलं. मामाने प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात गोळ्या ठेवलेल्या आणि तळाला थर्माकोल, वर पांढरा कागद. आता गंमत अशी की डांबरगोळीच्या वाफेने थर्माकोल हळूहळू विरघळतो. म्हणजे कोपऱ्यात जिथे गोळी तिथे थर्माकोलला मोठे खड्डे, त्यात टाचण्या आडव्या झालेल्या, आणि एका पेटीत तर पंधरावीस भुंगे घरंगळत जाऊन खड्ड्यात गोळा झालेले. गोळ्या संपल्यावर नवीन टाकायला शेवटची दहाबारा वर्षं मामाला जमलं नव्हतं. मग आत कोण आलं? ज्यांना मेलेले किडे खायला आवडतात ते किडे.

म्युझियम बीटल म्हणतात त्यांना. मोठा भुंगेरा दोनतीन मिलिमीटरचा, दिसायला बिचारा, ठिपक्याठिपक्यांचा, पण त्याची केसाळ अळी सुकलेला किडा आतून पोखरून खाते आणि वरचं कवच तसंच ठेवते. लांबून पेटी छान भरलेली दिसते. जवळून बघितलं तर प्रत्येक किड्याच्या खाली तपकिरी भुसा, कॉफी पावडर सांडल्यासारखा. हा भुसा दिसला म्हणजे पेटी जिवंत आहे. मामाचा अॅटलस पतंग, ज्याच्यावर त्याचं फार प्रेम होतं, वीतभराहून मोठा, त्याचं पोट पूर्ण गायब होतं, नुसते चार पंख टाचणीवर. अॅटलसला मोठेपणी तोंडच नसतं म्हणे, आठवडाभर न खाता जगतो आणि मरतो, आणि त्यालाच असं खाऊन टाकलेलं.

औषध मारावं का असं मी एका ओळखीच्या कीटकवाल्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या औषधबिषध काही नको, फ्रीज कर. म्युझियममध्ये उणे वीसच्या खाली नेणारे डीप फ्रीजर असतात. घरचा फ्रीजर उणे अठराच्या आसपास जातो, तर त्यात दोन आठवडे ठेव. पेटी प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून, हवा काढून, टेपने पूर्ण बंद करून. आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, चोवीस तास तशीच ठेवायची, नाहीतर थंड पेटीवर आतून पाणी सुटतं आणि आंबोलीत आधीच सातेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे आणखी पाणी कशाला.

मामीचं माहेर मालवणातलं. ती एकदाच म्हणाली, "मेल्या, माझ्या फ्रीजात किडे?" आणि मग गप्प बसली. फ्रीजरमध्ये एका वेळी दोन पेट्या बसायच्या, तेही मधला ट्रे काढून. ३१ पेट्या, दोन दोन, प्रत्येकी दोन आठवडे. हिशोब करा. आठ महिने त्या घरात खवलेलं खोबरं, आंब्याचा रस, कुर्ल्या यातलं काहीही फ्रीजरमध्ये गेलं नाही. मी पुण्याहून महिन्यातून एकदा जायचो, मधली पेट्यांची अदलाबदल मामीच करायची, आणि कॅलेंडरवर पेटीचा नंबर टाकून ठेवायची. हे कॅलेंडरवर लिहायचं प्रकरण पुढे फार महत्त्वाचं ठरलं, येतो त्याच्यावर.

माझी चूक नंबर एक. पहिल्याच पेटीतली लेबलं इतकी पिवळी पडलेली, कुरतडलेली, शाई पसरलेली होती की मी म्हणलं नवीन करू. लॅपटॉपवर टाइप केली, प्रिंट काढली, जुनी काढून कचऱ्याच्या डब्यात. ४० किड्यांची. मॅडमना फोटो पाठवला कौतुकाने. त्यांचा लगेच फोन, आणि त्या चिडल्याच होत्या, "जुनं लेबल कुठेय?" डबा घंटागाडीत जायचा होता म्हणून वाचलो. तासभर वर्तमानपत्रावर कचरा पसरून, चहाच्या चोथ्यातून एकेक कपटा काढला, ३७ मिळाले.

जुनं लेबल कधीही काढायचं नाही. कितीही घाण असो, चुकीचं असो, त्याच टाचणीवर ते राहतं, नवं त्याच्या खाली टोचायचं. कारण नवीन लेबल म्हणजे मी जुन्याचा लावलेला अर्थ आहे, आणि माझा अर्थ चुकू शकतो. कॅटलॉगमध्येसुद्धा म्हणूनच दोन वेगळे रकाने ठेवायचे, एकात जे लिहिलंय ते जसंच्या तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि दुसऱ्यात आपल्याला त्यातून काय समजलं ते. जगभर म्युझियमवाले यासाठी डार्विन कोअर नावाचे ठरलेले रकाने वापरतात, त्यातही हे आहेच. आणि मुंडकं नसलेला, पाय नसलेला पण गाव-तारीख असलेला किडा ठेवायचा, अख्खा चकचकीत पण लेबल नसलेला असला तर तो शोभेचा. हे कळायला मला थोडा वेळ लागला, कारण साहजिकच आपण सुंदर दिसणाऱ्याकडे आधी बघतो.

दुरुस्तीचं काम मात्र मजेचं होतं, ते मी खूप लांबवलं. मामाने बहुतेक सगळे किडे स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या टाचण्यांवर लावलेले. आंबोलीच्या दमट हवेत लोखंडी गंजलेल्या, पितळी हिरव्या झालेल्या. पितळी टाचणीवर किड्याच्या अंगातल्या चरबीने हिरवं मेणासारखं काहीतरी वाढतं, ते फुगत फुगत शेवटी किड्यालाच फोडतं. एका पेटीत टाचण्या होत्या, म्हणजे चतुराच्या नाजूक बहिणी, ज्यांना आपण टाचणीच म्हणतो, तर टाचणीला टाचणी टोचलेली आणि लेबलवर मामाच्या अक्षरात "टाचणी, ओढ्याकाठी". यातली कोणती टाचणी ओढ्याकाठी मिळाली असा विनोद मी मामीला करून बघितला, हसली नाही.

जुना किडा सुकून कुरकुरीत झालेला असतो, टाचणी ओढली तर तुकडे. त्याला आधी मऊ करायचा. घट्ट झाकणाचा डबा, तळाला ओली वाळू, बुरशी येऊ नये म्हणून डेटॉलचे थेंब, वर जाळी, त्यावर किडा, आणि एक ते दोन दिवस विसरून जायचं. नाकतोडे लवकर मऊ होतात, मोठे भुंगे तीन दिवस घेतात. मग टाचणी हळू हळू गोल फिरवत सोडवायची. नव्या टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या, ३८ मिलिमीटर लांब, जाडीनुसार नंबर असतात, मला दोन आणि तीन नंबरच्या जास्त लागल्या. भुंग्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, मधोमध कधीच नाही, मधोमध टोचलं की दोन्ही कवचं फाकतात. फुलपाखरं, पतंग आणि चतुर यांना मात्र छातीच्या मधोमध. माश्या, गांधीलमाश्या थोडं उजवीकडे. उजवी बाजू बिघडली तरी डावी शाबूत राहते, बघणाऱ्याला एक बाजू पूर्ण मिळाली पाहिजे. आणि तांदळाएवढ्या किड्यांना टाचणी टोचायचीच नाही, जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या टोकावर थेंबभर गोंदाने चिकटवायचं आणि टाचणी त्या कागदाला. तुटलेले पाय, मुंडकी फेविकॉलने. जे कोणाचं ते कळत नाही असे पाय मेडिकलमधून रिकाम्या कॅप्सूल आणून त्यात भरून त्याच टाचणीला. मेडिकलवाला पहिल्या वेळी संशयाने बघत होता, नंतर "किडेवाले आले" म्हणायला लागला.

थर्माकोल सगळा काढून टाकला, पार्सलमध्ये येतो तसला घट्ट पांढरा फोम कापून बसवला. आणि हो, डांबरगोळ्या बंद.

आता मुख्य भानगड, तारखा.

मामाच्या सगळ्यात जुन्या लेबलांवर तिथी होती. "आषाढ व. ४, शके १८९३, हिरण्यकेशीच्या वाटेवर." हे त्यामानाने सोपं. शके अधिक ७८ केलं की आषाढातल्या तिथीला इसवी सन मिळतं, म्हणजे १९७१, मग जुनं पंचांग काढून तारीख. पौष-माघातल्या तिथ्यांना मात्र ७९ मिळवायला लागतात कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, ते मी दोन ठिकाणी चुकलो होतो.

पण १९७४ नंतरच्या लेबलांवर तिथी गेली, तारीखही गेली, नुसता आकडा. "४१२." "९७." "९८." आंबोली असं गावाचं नावसुद्धा नाही. अशी अडीच हजारांवर लेबलं. म्हणजे कुठेतरी वही असणार. मी अख्खं घर शोधलं, माळा, ट्रंक, शाळेचं कपाट. दोन आठवडे. शेवटी वैतागून मामीला म्हणलं वही जाळली का काय कोणी. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "वही खंयची? तो कालनिर्णयावर लिवी."

कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि आमच्या घरात ७४ पासूनचं. मामी दुधाचा हिशोब लिहायची, तारखेच्या चौकोनात "२ ली.", "नाही", "१॥". आणि त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात मामाचं "४०९–४१४, दिवा, धुकं". म्हणजे त्या रात्री दिव्यावर मिळालेले सहा किडे, नंबर ४०९ ते ४१४. जागा पुरली नाही तर पानामागच्या लेखाच्या समासात, बाण काढून. "शेणकिडे, गव्याच्या शेणात." "नाल्याजवळ, पाऊस थांबल्यावर." ते कॅलेंडर म्हणजे माझ्या मामाची फील्ड नोटबुक आणि माझ्या मामीचं दुधाचं खातं, एकावर एक.

मामीने जुनी कालनिर्णयं टाकली नव्हती, कारण मामी काहीच टाकत नाही, पण वापरली होती. काही कपाटात साड्यांखाली अंथरलेली, काही पुस्तकांना कव्हर, १९७९ चा जून आणि जुलै देवघराच्या फळीवर तेलाच्या डागांखाली. ७४ ते ९६ अशी २३ वर्षं, त्यातली १९ पूर्ण मिळाली, बाकी फुटकळ पानं.

आता वाटलं सुटलो. तर नाही. मामा दर जानेवारीत नंबर परत एकपासून सुरू करायचा. म्हणजे "९७" हा २३ पैकी कुठल्याही वर्षाचा ९७ असू शकतो. मी त्या दिवशी चिडून सावंतवाडीला जाऊन पिक्चर बघून आलो.

सुटलं ते लेबलाच्या कागदावरून. मामा कागद विकत आणणारा माणूस नव्हता. जे हाती असेल ते कापायचा. एक दिवस भिंगाखाली एक लेबल उलटं झालं तर मागे छापलेलं "...कृपेकरून", लाल शाईत. लग्नपत्रिका! आमचे येथे श्रीकृपेकरून. मग मी सगळीच लेबलं उलटी बघायला लागलो. पोस्टकार्डं होती, पिवळसर. आखीव उत्तरपत्रिका होत्या, एकीवर तांबड्या शाईत "३॥" मार्क. गुलाबी, केशरी, सोनेरी कडेच्या पत्रिका होत्या. आणि मामी हे असं हत्यार निघालं की विचारू नका. तिला गुलाबी कपटा दाखवला, मागे नुसतं "चि. सौ. कां. सु" एवढंच, तर म्हणाली ही वेंगुर्ल्याची, माझ्या मावसबहिणीची धाकटी, पंच्याऐंशीच्या मे महिन्यात. म्हणजे त्या कार्डावरची लेबलं मे ८५ नंतरची. मग ८५ च्या कालनिर्णयात तो नंबर बघायचा, जुळतो का? कालनिर्णय म्हणतं "९७, काजवा, विहिरीजवळ" आणि टाचणीवर खरंच काजवा, तर जुळलं. पतंग निघाला तर पुढचं वर्ष.

आणखी एक खूण मिळाली. ७६ सालापर्यंतचे भुंगे सगळे मधोमध टोचलेले, त्यानंतरचे उजव्या कवचातून. कुठेतरी तो शिकून आला असणार, कोणाकडून ते कळायला मार्ग नाही. पण वर्ष ठरवायला ती खूण पक्की उपयोगी पडली.

कॅटलॉग मी एक्सेलमध्ये करत होतो आणि इथे माझी चूक नंबर दोन, आणि ही तर माझ्या धंद्यातली, त्यामुळे लाज जास्त. तारखा मी सरळ १-६-८१ अशा टाइप करत गेलो. ऑफिसच्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन. एक्सेलने १-६-८१ चं करून टाकलं ६ जानेवारी १९८१, आणि २५-५-८१ ला पंचविसावा महिना नसल्यामुळे ते तसंच मजकूर म्हणून सोडून दिलं. सहाशे ओळी होईपर्यंत माझ्या लक्षात नाही. लक्षात आलं ते काजव्यांमुळे. मी सहज महिन्यानुसार सॉर्ट केलं तर जानेवारीत सोळा काजवे! काजवे आपल्याकडे मे अखेर ते पहिला पाऊस, आंबोलीच्या जानेवारीतल्या थंडीत झाडभर काजवे बघितले असतील तर त्याला काहीतरी वेगळं कारण असणार. मग बघतो तर काही तारखा रकान्यात डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे. डावीकडच्या मजकूर आणि उजवीकडच्या चुकीच्या. सगळं परत, हाताने, कालनिर्णय समोर ठेवून. तेव्हापासून दिवस, महिना, वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत. आणि छापील लेबलावर महिना रोमन आकड्यांत लिहायची जी जुनी पद्धत आहे ना, जी मला आधी उगाच शिष्टपणा वाटायची, ती याचसाठी आहे.

मधेच अंबरचा किस्सा सांगतो. सत्ताविसाव्या पेटीत किडे नव्हते. कापसात गुंडाळलेले शंख, दोन झिओलाइटचे स्फटिक, आणि एक मधाच्या रंगाचा खडा, सुपारीएवढा. चिठ्ठी होती, "अंबर. ग्दान्स्क, पोलंड. १९८४. बोटीवरून आणले." आमचा एक नातेवाईक बोटीवर होता त्याने आणलेलं. मी उत्साहात व्हरांड्यातूनच ओरडलो, मामी, अंबर सापडलं! शेजारचे काका पाच मिनिटांत हजर, आवाज एकदम खाली आणून म्हणाले, अरे कोणाला बोलू नकोस, पोलीस केस होते. त्यांना वाटलं व्हेल माशाची उलटी. कोकणात आता अंबर म्हणलं की तेच, पेपरात दर चार महिन्यांनी कोणीतरी पकडलेलं असतंच. त्यांना समजावायला अर्धा तास गेला की ही झाडाची राळ आहे, चार कोटी वर्षांच्या आसपासची, दगड झालेली. तृणमणी म्हणायचे याला पूर्वी, लोकरीवर घासलं की गवताची काडी ओढून घेतं. करून दाखवलं, मामीच्या शालीवर घासून. काडी उडून चिकटली. काका खूश होऊन गेले.

खरं आहे का हे तपासायला मी आधी प्रॅक्टिससाठी ऑनलाइन एक "अंबरमधला विंचू" मागवला, १४०० रुपयाला. मिठाच्या घट्ट पाण्यात टाकला, तळाला. अंबर हलकं असतं, खाऱ्या पाण्यावर तरंगतं. तरंगलं म्हणजे खरंच असंही नाही बरं का, काही प्लास्टिकही तरंगतं, आणि कोपल म्हणजे कोवळी राळ तीही तरंगते, पण बुडलं म्हणजे बहुतेक खोटंच. गरम सुई टोचली तर बादली जळाल्याचा वास. आणि तसंही तो विंचू बघूनच शंका यायला हवी होती, बरोबर मध्यभागी, आठही पाय व्यवस्थित पसरून, पासपोर्ट फोटोला बसल्यासारखा. मामाच्या खड्याला सुई वगैरे काही लावली नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चमध्ये निळसर उजळला. मग शाळेच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली, खडा गोल असल्यामुळे आतलं वाकडं दिसतं म्हणून वर पाण्याचा थेंब आणि त्यावर कव्हर स्लिप. आत एक बारीकशी माशी, एका अंगाला दुधट पांढरा थर, एक पंख मुडपलेला, पायाशी बुडबुडे. आणि तिच्या आजूबाजूला इवलेइवले चांदणीसारखे केस. ते ओकच्या झाडाचे, आणि बाल्टिक अंबरमध्ये ते हटकून सापडतात. तेवढ्यावर मी कॅटलॉगमध्ये "बाल्टिक, बहुधा" लिहिलं. पक्कं करायला इन्फ्रारेडचा आलेख काढावा लागतो, तो राहिला. डांबरगोळ्यांच्या वाफेत बरीच वर्षं काढल्यामुळे असेल, खड्याच्या पृष्ठभागावर बारीक जाळीदार तडे गेलेत. आता अंधारात, वेगळ्या डबीत.

यावरून कळलं की अंबर आपल्या शेजारीच आहे. गुजरातेत सुरतजवळ वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीचं अंबर किड्यांसकट मिळालं, २०१० मध्ये त्यावर पेपर आला. ते साल-मेरांतीच्या कुळातल्या झाडांचं, आणि ते इतकं वेगळं की द्रावकात विरघळतं, म्हणजे आतला किडा अख्खा बाहेर काढता येतो. मला एका ग्रुपवर एकाने ब्रह्मदेशातलं, ९.९ कोटी वर्षांचं, मुंगीवालं विकत देऊ केलं होतं. तिथल्या काचिनमधल्या खाणींवरून काय मारामाऱ्या चालल्यात ते वाचलं आणि नको म्हणलं.

शेवटी आकडे असे. एकूण ३,८४६ किडे. गाव-तारीख पक्की लागलेले २,९०० च्या वर. वर्ष लागलं पण दिवस नाही असे सातशेच्या आसपास. काहीच नाही असे २१२, त्यांची एक वेगळी पेटी केली आणि मामाच्याच शाळेला दिली, मुलांना बघायला, त्यातले गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा मुलांनी लगेच ओळखले कारण घरोघरी माड. ओळख पटवणं हे मात्र मी केलेलं नाही, मला ते येत नाही. मी फक्त कुळापर्यंत, तेही मॅडमना विचारून. पतंगांसाठी हॅम्पसनचे १८९२ ते ९६ मधले चार खंड आजही लोक उघडतात यावरून काय ते समजा. ज्याने ओळखलं त्याचं नाव आणि वर्ष असलेलं तिसरं लेबल प्रत्येक टाचणीवर यथावकाश चढेल.

पेट्या द्यायच्या कुठे हा वेगळा त्रास. एका कॉलेजने उत्साहाने बोलावलं आणि सांगितलं फुलपाखरं फक्त द्या, शोकेसला बरी, बाकीचं काळंकाळं काय करायचंय. मी चहा पिऊन परत. शिवाय घरात ठेवायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांत काही फुलपाखरं आणि भुंगेही आहेत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टं परत बदललीत, त्यामुळे वनखात्याला लेखी कळवलं, यादी जोडली. नंतर एका संशोधन संस्थेने सगळं घेतलं, काळंकाळं सकट, आणि कालनिर्णयंसुद्धा मागितली. ती मामीने दिली नाहीत. स्कॅन करून नेली त्यांनी. आणि मी स्वतः नवीन एकही किडा मारला नाही, जुलैत व्हरांड्यात धोतर बांधतो, फोटो काढतो, सकाळी झटकतो.

एकच पान छळत राहिलं. १९८६ चं कालनिर्णय पूर्ण होतं, फक्त सप्टेंबर नाही. नेमके त्याच महिन्याचे ४३ पतंग, एकाच रात्रीचे असावेत, नंबर सलग, आणि त्यातले तीन मॅडमना फार महत्त्वाचे वाटत होते. पेट्या न्यायला गाडी यायची त्याच्या आदल्या रात्री जेवताना मी परत विषय काढला. मामीने आमटी वाढली आणि म्हणाली, "ता पान मियाच फाडलंय. दूधवाल्याक दाखवूक. चार दिवस दूध घालूक नाय आणि पैसे मागी होतो."

दूधवाला गेला त्यालाही वीस वर्षं झाली. रकान्यात मी लिहिलं, "सप्टेंबर १९८६, दिवस उपलब्ध नाही, मूळ पान दूधवाल्याकडे." संस्थेच्या माणसाने दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि हसून तसंच राहू दिलं.

गाडी घाटाकडे वळली तसं मामीने आत जाऊन फ्रीजर उघडला, आतून पुसला, आणि विचारलं, "आता माझां खोबरां परत ठेवू मां थंय?"